लुगड्याचा दोर

आमच्या सलोनीला बर्फ बघायचा होता आणि तिच्या पप्पांना बर्फाचं नाव काढलेलं खपत नव्हतं. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये अशी दोन माणसं, आणि मधे मी. माझं काय होत असेल ते विचारू नका.

"माझे पप्पा सात महिने बर्फात राहिले, और मैंने ही नहीं देखा," असं ती आठ वर्षांची पोर दिल्ली छावणीतल्या क्वार्टरांच्या अर्ध्या लाइनीला सांगत फिरायची. तिच्या वर्गातली मुलं हिवाळ्यात शिमला नाहीतर मनाली करून यायची आणि महिनाभर त्याच गप्पा मारायची. आमचे हे, म्हणजे हवालदार विश्वजित, ऑक्टोबरात वरच्या चौकीवरून खाली दिल्लीला आले. आले म्हणायचं एवढंच. जेवायचे, ड्युटीला जायचे, सलोनीची वेणीसुद्धा घालून द्यायचे. पण हाक मारली की 'ओ' यायला वेळ लागायचा. आवाज कुठून तरी लांबून चालत यायचा.

कारण मला ठाऊक होतं. ह्यांनी नव्हतं सांगितलं, ह्यांच्याच तुकडीतल्या अंबादासभाऊजींनी सांगितलं होतं. वर चार जण एका दोराला बांधून चालायचे. हे सगळ्यांत पुढं, भाऊजी सगळ्यांत मागं. दर शंभर पावलांना गिनती व्हायची. पुढचा म्हणणार एक, त्याच्या मागचा दोन, मग तीन, मग चार. शेवटचा आवाज आला नाही तर थांबायचं आणि मागं जाऊन बघायचं, हा नियम. सप्टेंबरातल्या एका वादळात 'चार' आला नाही. ह्यांना वाटलं, वाऱ्यानं नेला. हे चालत राहिले. चौकीवर पोचल्यावर कळलं की भाऊजींच्या बुटात पाणी शिरलं होतं आणि थंडीनं त्यांची वाचाच बसली होती. उजव्या पायाची पाचही बोटं गेली.

तेव्हापासून भाऊजी छावणीतल्याच मिलिटरी हॉस्पिटलात होते. आमच्या गच्चीवरून त्या हॉस्पिटलची पाण्याची टाकी दिसते. त्यांची बायको गावी बाळंतीण, ती येणार कशी? म्हणून दर गुरुवारी मी डबा घेऊन जायचे. भाकरी, ठेचा, कधी पिठलं. भाऊजी डबा बघायच्या आधी माझ्या पाठीमागं दाराकडं बघायचे. विचारायचे काहीच नाहीत. आणि इकडं आमचे हे गच्चीवर कपडे वाळत घालतानासुद्धा त्या टाकीकडं पाठ करून उभे राहायचे. तीन महिन्यांत एकदाही गेले नाहीत.

जानेवारीत एका गुरुवारी भाऊजी म्हणाले, "वहिनी, पुढच्या बुधवारी मला पुण्याला हलवतायत. तिथं खास बूट बनवून देणार, मग घरी. आता पिठलं बंद."

मी घरी येऊन ह्यांना ते जसंच्या तसं सांगितलं. हे मान खाली घालून जेवत राहिले. मग एकदम म्हणाले, "सलोनी, बर्फ बघायचाय ना? शनिवारी निघू. सोमवारी परत."

पोर ताटावरून उठून नाचायला लागली. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. "काखेत कळसा नि गावाला वळसा," मी म्हटलं. "जायचं कुठं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

"पोरीला शब्द दिलाय," हे म्हणाले. कधी दिला होता ते देव जाणे.

तयारी बघायची होती तुम्ही! दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तशातली गत. सलोनीची पाठपिशवी तीनदा भरली, तीनदा रिकामी केली. मोज्यांचे पाच जोड, त्यातले दोन प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधून. आणि शेवटी ट्रंकेतून ह्यांनी माझ्या सासूबाईंचं, तानूबाईंचं, जुनं नऊवारी बाहेर काढलं. गोधडीसाठी ठेवलेलं होतं मी ते, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं.

"ये क्या है?" सलोनीनं विचारलं.

"लुगडं," मी म्हटलं.

"मतलब?"

"मतलब तुझ्या आजीची साडी. नऊ वार."

"चालताना बांधायला," हे म्हणाले. दोर घरात होता, चांगला नायलॉनचा. त्याला ह्यांनी हात लावला नाही, आणि मीही का ते विचारलं नाही.

डेहराडूनपर्यंत रेल्वे, पुढं जीप. रविवारी सकाळी धनोल्टीच्या पुढच्या देवदारांच्या रानात आम्ही उभे होतो. आदल्या दिवशीच बर्फ पडला होता. सलोनी जीपमधून उतरली आणि गप्प झाली. ही पोर झोपेतसुद्धा बडबडते, ती गप्प झाली. तिनं हातमोजा काढला, एक बोट बर्फात खुपसलं आणि कानात काही सांगावं तसं म्हणाली, "मम्मी, ये सो रहा है."

ह्यांनी लुगड्याला पीळ दिला. एक टोक स्वतःच्या कमरेला, मध्ये सलोनी, दुसरं टोक माझ्या कमरेला. रस्त्यावरचे पर्यटक हसले. एकानं फोटोही काढला. काढू दे मेल्याला, हिरव्या काठाचं लुगडं तेवढं छान दिसलं असेल.

"आता नीट ऐक," हे सलोनीला म्हणाले. "दर शंभर पावलांना मी एक म्हणणार. तू दोन, मम्मी तीन."

"और आवाज नहीं आया तो?"

ह्यांनी तिच्या कमरेची गाठ पुन्हा आवळली. "तर थांबायचं. मागं जाऊन बघायचं."

"पक्का?"

"नियम आहे."

आम्ही निघालो. मी कऱ्हाडकडची, मला डोंगर माहीत आहेत, पण ते उन्हाचे, कुसळांचे. हा डोंगर काहीच बोलत नव्हता. पायाखाली तेवढा तांदळाचं पीठ मुठीत दाबल्यासारखा आवाज यायचा. मधूनच एखादा देवदार खांदे झटकायचा आणि पांढरी भुकटी उन्हातून सावकाश खाली यायची, इतकी सावकाश की आम्ही तिच्याखालून निघून गेलो तरी ती वरच असायची. एक, दोन, तीन. सलोनी पप्पांच्या पावलांच्या खळग्यांत आपली पावलं बरोब्बर ठेवत होती. एका खळग्यात तिचे दोन्ही पाय मावायचे. मला वाटलं, ही वाट संपूच नये. राग कुठं गेला कळलंही नाही. आम्ही तिघं एका लुगड्यात बांधलेले होतो आणि दिल्ली, क्वार्टर, ती टाकी, सगळं दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

मग ढग उतरला. वरून आला की दरीतून, समजलं नाही. आधी लांबची झाडं गेली, मग जवळची. मग हे गेले. माझ्यापुढं सलोनीची लाल टोपी, आणि तिच्यापुढं लुगडं पांढऱ्यात शिरलेलं. भीती नव्हती वाटत, खरंच सांगते. आईच्या पदराखाली डोकं घातल्यावर जसं बाहेरचं सगळं लांब जातं, तसं झालं होतं. सलोनी हळूच म्हणाली, "मम्मी, आपण ढगाच्या पोटात आहोत ना?"

"एक," पुढून आवाज आला.

"दोन," सलोनी म्हणाली.

"तीन," मी म्हटलं.

लुगडं हललं नाही. आम्ही उभ्या. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा ओरडले, "तीन!" तरी लुगडं सैलच. मग माझ्या लक्षात आलं. हे थांबले होते. पुढचा आकडा यायची वाट बघत होते.

लुगडं धरून धरून आम्ही पुढं गेलो. हे बर्फात उभे होते, मान कलती करून, माझ्याही मागं कुठंतरी कान लावून. डोळ्यांतलं पाणी गालावर येऊन थांबलेलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, ह्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

"पप्पा, चार कोण आहे?" सलोनीनं विचारलं.

हे तिच्यासमोर बर्फात गुडघे टेकून बसले. आणि मग त्यांनी तिला सांगितलं. मला नाही, तिला. अंबादासकाका, वादळ, न आलेला आवाज. "मला वाटलं वाऱ्यानं नेला," हे म्हणाले. "खरं सांगू? तसं वाटून घेतलं मी. मला थांबायचं नव्हतं. मला फार थंडी वाजत होती, सलोनी."

पोरीनं सगळं ऐकून घेतलं. तिचं नाक लाल झालं होतं, ते तिनं बाहीला पुसलं.

"ते काका आता कुठं आहेत?"

"दिल्लीत. आपल्या छावणीत."

"फिर हम आगे क्यों जा रहे हैं?" ती म्हणाली. "आवाज नाही आला तर मागं जाऊन बघायचं. तुम्हीच बोललात ना, नियम आहे म्हणून."

मी तीन महिने जे भांडून, टोमणे मारून, अबोला धरून सांगत होते, ते तिनं एवढ्याशा वाक्यात सांगितलं.  हे उठले, गुडघ्यांवरचा बर्फ झटकला, आणि आम्ही वळलो. वळल्यावर मी पुढं आले आणि हे सगळ्यांत मागं. आमच्याच पावलांचे खळगे उलटे धरत आम्ही उतरलो. गिनती मी केली. शेवटचा 'तीन' प्रत्येक वेळी आला, आणि अगदी जवळून आला.

मंगळवारी संध्याकाळी, भेटायच्या वेळेला, मी डबा भरला. हे पांढरा शर्ट घालून आधीच दारात उभे होते, इस्त्री केलेला. हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर. तीन महिन्यांत न सरलेली ती दहा मिनिटं.

वॉर्डाच्या बाहेर मात्र ह्यांचे पाय थांबले. दार अर्धं उघडं होतं. भाऊजींचा पलंग आत खिडकीशी, दारातून न दिसणारा. ह्यांचा हात दाराच्या कडीवर. मला राग नाही आला. मला त्या माणसाची दया आली, आणि माया आली.

सलोनीनं पप्पांच्या शर्टाचं टोक धरलं. दुसऱ्या हातानं माझा पदर धरला.

"बोला ना, पप्पा," ती म्हणाली.

ह्यांनी घसा खाकरला. एवढा कवायतीवर गरजणारा माणूस, आवाज निघाला तो मांजराच्या पिलाचा. "एक."

"दोन!" सलोनी ठणठणीत ओरडली. नर्सनं वळून बघितलं.

"तीन," मी म्हटलं. 

आत कुणाच्या तरी मोबाइलवर बातम्या चालल्या होत्या, त्या बंद झाल्या. पलंग करकरला. कुणीतरी एक पाय जमिनीवर टेकवल्याचं ऐकू आलं, मग जपून, हळूहळू, दुसरा.

"चार," आतून आवाज आला. "चार, हवालदार. मी इथंच आहे."