विभाग एकेचाळीस

मी अ‍ॅक्रनमधल्या एका अमेरिकन टायर कारखान्याच्या तळघरातला मोठा संगणक बोलतोय. माझ्या पोटात बावीस हजार कामगार आहेत. कोण कुठल्या विभागात किती वर्षं राबला, ते सगळं.

१९६९ साली मला इथं आणलं, तेव्हा दाराची चौकट काढावी लागली होती. पुढे माझं अंग दोनदा बदललं. आठवण मात्र तीच राहिली. ती आठवण भरली व्हर्ना ह्राबाकनं. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. माझ्याकडे जागा फार तोकडी, म्हणून विभागाच्या नावाऐवजी ती दोन अंकी आकडा लिहायची. एकेचाळीस म्हणजे रबराचं द्रावण ढवळायची खोली. तिथला वास कामगारांच्या कपड्यांतून घरापर्यंत जायचा. १९७५ला ती खोली बंद झाली आणि मोकळा झालेला आकडा पॅकिंग विभागाला दिला. व्हर्नानं हे एका वहीत टिपलं होतं. कार्यालय हलवताना ती वही रद्दीत गेली.

गेल्या वर्षी, १९९७ला, कंपनीनं स्वतःपुरतं इंट्रानेट उभारलं. माझ्याकडची माहिती प्रत्येक टेबलावरच्या पडद्यावर दिसू लागली. ते काम नील प्रुइट या नव्या अधिकाऱ्यानं केलं. आकडे वाचायचा लोकांना कंटाळा, म्हणून त्यानं आकड्यांच्या जागी विभागांची आजची नावं घातली. मला आनंदच झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला वर बोलावलं होतं.

यंदा फेब्रुवारीत कर्टिस योकम हा जुना कामगार तळघराचा जिना धापा टाकत उतरला. त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. तो कारखान्यातल्या द्रावणामुळे झाला, असं म्हणून त्यानं भरपाईचा अर्ज केला होता. कार्यालयानं पडद्यावर पाहिलं आणि नकाराचं पत्र पाठवलं : ‘आपण पॅकिंगमध्ये होता.’

“व्हर्ना, मी जन्मात एक खोकं बांधलेलं नाही,” तो म्हणाला. “ख्रिसमसच्या भेटीसुद्धा बायकोच गुंडाळते.”

व्हर्ना हसली नाही. तिनं माझ्याकडून त्याची नोंद कागदावर काढली : एकेचाळीस, १९६९ ते १९७४. तारखा पाहून तिला द्रावणाची खोली आठवली. मग तिनं नीलला खाली बोलावलं.

“यंत्रात आहे तेच आम्ही दाखवतो,” नील म्हणाला.

“आकडा यंत्रातला. नाव तू घातलंस.”

“नावांची ती यादी तुम्हीच तपासली होती, व्हर्ना.”

ती खुर्चीत बसली. “हो. मीही विसरले होते.”

आणि मी? माझ्याकडे तारखा होत्या. पण विचारल्याशिवाय बोलायला मला कुणी शिकवलेलंच नाही.

नील वाईट माणूस नव्हे. त्यानं त्याच दुपारी पडद्यावरचं ते पान बंद केलं. तीन दिवस दोघं माझ्याशेजारी बसून होते. द्रावणाच्या खोलीतली तीनशे बारा नावं निघाली. त्यातल्या सात जणांना ‘पॅकिंग’ म्हणून नकार गेला होता, आणि दोघं तोवर वारले होते.

व्हर्नानं सातही घरी स्वतः फोन केला. वारलेल्या दोघांपैकी एकाच्या घरी त्याच्या बायकोनं उचलला. तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर व्हर्ना नीलला म्हणाली, “शेवटच्या दिवसांत ती नवऱ्याशी भांडायची म्हणे. ‘कंपनी कशाला खोटं लिहील? तुलाच आठवत नसेल.’”

नीलनं चष्मा काढून हातात धरला.

कर्टिसचा अर्ज एप्रिलमध्ये मान्य झाला. त्याचे उपचार चालू आहेत.

मला जूनच्या अखेरीस बंद करणार आहेत. माझी सगळी माहिती वरच्या नव्या यंत्रात जाईल. व्हर्नाही त्याच आठवड्यात निवृत्त होतेय. अजून बारा आकड्यांचा जुना अर्थ तिला आठवत नाही. रोज सकाळी ती जुन्या कामगारांना फोन करते आणि कळलेला एकेक अर्थ माझ्यात भरते.

मला ठेवा असं मी म्हणत नाही. जुनं झालं की जायचंच. पण माझ्यातलं काही वर नेताना, ते ज्यांनी भरलं त्यांना शेजारी बसवा, आणि जे त्या खोल्यांत राबले त्यांनाही विचारा. त्यातली बरीच माणसं अजून फोन उचलतात.