कुंपणाचा ठराव

तातेरावाच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं. त्याला स्वतःच्या बायकोचा हेवा वाटत होता.

हसनाबादजवळच्या त्या गावात तो पंधरा वर्षं ग्रामपंचायतीचा सदस्य होता. तिन्ही वेळा एकच मागणी घेऊन बसला: शिवेवर तारेचं कुंपण घाला, रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप हरभरा-तूर खाऊन चालले. एकदाही ठराव मंजूर झाला नाही. मग वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि त्यानं बायकोला, गोजरबाईला, उभं केलं. सही कुठं करायची ते मी सांगीन, तू फक्त खुर्ची सांभाळ, असं त्याचं गणित. गणित चुकलं. गोजरबाई एकटी भोकरदनला प्रशिक्षणाला गेली, खर्चाच्या आराखड्याचे कागद चष्मा लावून वाचायला लागली. वर्षभरात शेजारचा लालमियाँसुद्धा ओट्यावरच्या तातेरावाला ओलांडून आत डोकावू लागला, "भाभी घरी हाय का?"

आता तर कहर झाला. सरपंच राजानंदानं यंदाच्या आराखड्यात कुंपण घातलं. राजानंद विरुद्ध पॅनेलचा. त्याला धरून त्याच्या बाजूचे चार, गोजरबाईला धरून तातेरावाच्या पॅनेलचे पाच. हे पॅनेल म्हणे, ठेका तुझ्या भाच्याच्या घशात जाणार, कुंपण काढ, मग बाकीचं मंजूर करू. राजानंद म्हणे, कुंपण नसेल तर आराखडाच नको. या ओढाताणीत अंगणवाडीचे पत्रे राहिले, नळाची पाइपलाइन राहिली, दोन सभा वाया गेल्या. गोजरबाईनं मात्र घरात सांगून टाकलं, की पॅनेल काही म्हणो, आपला हात कुंपणाच्या बाजूनं. शिवेवरचं पहिलं शेत तिचंच होतं की.

तातेरावाला आनंद व्हायला हवा होता. उलट त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. जे आपल्याला पंधरा वर्षांत जमलं नाही ते ही पहिल्याच वर्षी करणार, गाव गोजरबाईचं कुंपण म्हणणार, आणि आपण त्याच्या आत बसून हरभरा सोलणार! स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे गावोगाव असतात. या बहाद्दरानं घरातच सुरी काढली. पॅनेलशी बेइमानी चालणार नाही, विरोधात हात वर कर, नाहीतर आपलं बोलणं संपलं, असं त्यानं तिला बजावलं. तिनं चष्मा काढला आणि आराखड्याचे कागद मिटून ठेवले.

सभेच्या दिवशी ग्रामसेवकानं नवऱ्यांना बाहेर काढलं, तसा तातेराव खिडकीशी जाऊन उभा राहिला. आराखड्याच्या बाजूनं चार हात वर झाले. मग विरोधातले हात मोजले, तेव्हा पाचवा गोजरबाईचा होता. आराखडा पडला.

तातेरावाला इतकं हलकं वाटलं, की शेजारी उभ्या लालमियाँला तो म्हणाला, चल, चहा पाजतो. लालमियाँचं शेतही शिवेवरच होतं. तुम्हीच प्या, म्हणून तो निघून गेला.

गोजरबाई बाहेर आली. चप्पल पायात सरकवता सरकवता तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथंच थांबली. आवाज मात्र चढवला नाही.

"ह्यो ठराव पडला की तुम्ही दोन-दोन दिवस जेवत नव्हते. भरलेलं ताट मी मागं नेत होते. आज पडला, तर तुम्ही हासून राह्यले."

तातेरावानं ओठ मिटले, पण उशीर झाला होता. पॅनेलचं काहीतरी बोलायला त्यानं सुरुवात केली आणि त्याचं त्यालाच ते खरं वाटेना. गोजरबाईनं चप्पल पुन्हा काढली आणि ती आत गेली. पुढच्या सभेला कुंपणाचा ठराव पुन्हा ठेवा, तो मी मांडते, असं तिनं ग्रामसेवकाला सांगितलं. त्यानं वही उघडली आणि इतकी वर्षं या ठरावावर तातेरावांचं नाव असायचं, आता मांडणाऱ्याचं नाव कोणाचं लिहू, असं विचारलं.

"त्यांचं लिवता आलं असतं, तर त्यांचंच लिवा म्हणले असते," गोजरबाई म्हणाली. "आता माझं लिवा."