खोट्या तांबड्याचा हंडा

मित्रांनो, मी रंगाऱ्याच्या घरातला जुना तांब्याचा हंडा. माझ्यात वाकून बघणार असाल तर नाकाला रुमाल लावा. माझ्या बुडाशी बसलेल्या चिकट, काळपट थराची मला स्वतःलाच शिसारी येते. तो कसा बसला, तेच सांगतो.

तांबटाने मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली. रंगाऱ्याने मला चुलीवर चढवलं तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. तो कापड तांबडं करायचा ते मंजिष्ठा नावाच्या वेलीच्या मुळांनी. मुळं वाळवून कुटायची, भिजत घालायची. कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढायचं, मग माझ्यात सोडायचं. जाळ मंद हवा, कारण उकळी फुटली की तांबडं मरतं आणि विटकरी होतं. रंगारी माझ्यात कोपरापर्यंत हात घालून पाण्याचा अंदाज घ्यायचा. त्याची नखं कायम तांबडी. त्याच हातांनी तो जेवायचा, तान्ह्या मुलाला खेळवायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मुळं कुटायचं काम त्याच्या बायकोकडे. त्यापायी तिचा उजवा खांदा कायमचा दुखायला लागला. हेही सांगायला हवं, नाहीतर जुनं ते सगळं गोडच होतं असं तुम्हाला वाटेल.

म्हणून मोठ्या झालेल्या मुलाने कारखान्यातल्या तांबड्या पुडीचा डबा आणला, तेव्हा रंगारी चिडला नाही.

"धुण्यात टिकतो का?" एवढंच त्याने विचारलं.

"टिकतो, बाबा. फक्त शेवटी चार पाण्यांतून खळबळून काढायचं."

"मग वापर. तुझ्या आईचा खांदा तरी सुटेल. पण मुळांचं काम मागतील त्यांना मुळांचंच दे."

पहिली काही वर्षं त्या पुडीबद्दल माझी काडीचीही तक्रार नव्हती. मग रंगाऱ्याची नजर अधू झाली. तो पुढच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांशी बोलू लागला आणि चुलीपाशी मुलाचंच राज्य झालं. चार पाण्यांची दोन झाली, दोनाचं एक. पूडही बदलली, नव्या डब्यावर नावसुद्धा नव्हतं. ती पाण्यात पडली की सडक्या अंड्यासारखा भपका यायचा आणि वर जांभळट फेस धरायचा. उरलेलं पाणी मागच्या गटारात. तिथलं गवत जळून गेलं. मला कुणी घासेना. एका कापडाचा गाळ खाली असतानाच दुसरं माझ्यात पडायचं, उष्ट्या ताटात परत वाढावं तसं.

आणि याहून ओंगळ गोष्ट पुढच्या दारात होती. मुलाने तिथे मंजिष्ठेच्या मुळांची टोपली ठेवली होती. कुणी विचारलं की तिच्याकडे बोट दाखवायचं आणि कापड पुडीत बुडवायचं. रंगाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

एके सकाळी शेजारच्या गल्लीतली नर्सबाई पांढरं दुपटं घेऊन आली.

"नात सात महिन्यांची आहे," ती रंगाऱ्याला म्हणाली. "हाताला येईल ते चोखते. मुळांचाच रंग हवा."

"मुळांचाच देतो. माझा शब्द."

मागे चुलीपाशी रंगाऱ्याची सून नवऱ्याला म्हणाली, "अहो, निदान हे तरी मुळांत करा."

"कोण बघायला येतंय?" असं म्हणून त्याने पूड ओतली. मित्रांनो, हंड्याला ओकता येत नाही. त्या दिवशी आलं असतं तर मी ओकलो असतो.

पाचव्या दिवशी नर्सबाई परत आली. तिने आवाज चढवला नाही. ओला पांढरा रुमाल दुपट्यावर दाबला आणि रंगाऱ्याच्या डोळ्यांजवळ धरला. तो तांबडा झाला होता.

"पोरीची हनुवटी सोलवटली आहे. दोन दिवस उलट्या करत होती. आता बरी आहे. पण तुम्ही शब्द दिला होता."

रंगारी दुपटं घेऊन भिंत चाचपत मागे आला, मागोमाग नर्सबाई. "कशात बुडवलंस?"

"मुळांतच," मुलगा म्हणाला.

"नाही, बाबा. पुडीत," सून म्हणाली. "गेली तीन वर्षं सगळं पुडीतच चाललंय."

 रंगाऱ्याने दुपटं मुलाच्या तोंडासमोर धरलं.

"चोख."

"बाबा, काहीतरीच काय."

"सात महिन्यांच्या पोरीने चोखलं. तू चोख."

मुलाने तोंड फिरवलं. त्याच्या चेहऱ्यावर किळस होती, आणि ती सगळ्यांनी पाहिली. रंगाऱ्याने नर्सबाईसमोर हात जोडले आणि टोपली आत आणायला लावली. त्या दिवसापासून दुकानात दोन फळ्या आहेत, मुळांची आणि पुडीची, आणि पाट्या सून लिहिते. पूड नाव असलेल्या डब्यातली, आणि तिचं कापड चार पाण्यांतून काढलेलं. मुलगा सांगितलेलं काम करतो, पण बापासमोर मान वर करत नाही.

मित्रांनो, रंग मुळाचा असो की कारखान्याचा, माझा कुणावरच राग नाही. पण भांडं घासा, घाण दुसऱ्याच्या दारात ओतू नका, आणि जे आहे तेच सांगा.

सुनेने मला राख, वाळू लावून तीन दिवस घासलं. थर निघाला नाही. मग मुळांसाठी तिने नवा हंडा आणला आणि मला अंगणाच्या कोपऱ्यात ठेवलं. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असतो, तर मीही माझ्यात काही शिजवलं नसतं.