मागची वाट

धामापूरच्या पद्मावतीला चारचौघांत बोलायची कधी भीती वाटली नव्हती. नवरा भिकाजी गावातल्याच शाळेत मास्तर. भगवतीच्या देवळात काही कार्य निघालं, की बायकांना कामं वाटून द्यायला पद्मावतीच पुढे असायची. म्हणून २००२ साली गावात बचत गट सुरू झाला, तेव्हा कोकम सरबत करून विकायची कल्पना तिने मांडली आणि सगळ्या जणी लगेच तयार झाल्या.

मे महिन्यात मालवणला एका शाळेच्या सभागृहात बचत गटांचं प्रदर्शन होतं. कोकमांच्या साली साखरेत घालून बरण्या उन्हात ठेवल्या होत्या. तेवढ्यात प्रदर्शनाची तारीख अलीकडे आली. बरण्या अजून चार दिवस तरी उन्हात हव्या होत्या. साखरही कमी पडली होती. गटाची प्रमुख सुशीला म्हणाली, "ह्या वर्सा ऱ्हवांदे. पुढच्या वर्सा जावया."

"काय होणा नाय गो," पद्मावती म्हणाली. "मी बघतंय."

तिनेच सरबत गाळलं. बाटल्या धुऊन त्या पुरत्या सुकायच्या आत भरल्या. बुचंही तिनेच घट्ट बसवली.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात भयंकर उकडत होतं. उद्घाटनाचे पाहुणे एकेका टेबलापाशी थांबत धामापूरच्या गटापर्यंत आले. पद्मावतीने एक बाटली उचलून पुढे केली आणि फट्कन आवाज होऊन बूच उडालं. लाल फेस सरळ पाहुण्यांच्या पांढऱ्या शर्टावर. ती "अगो बाय" म्हणेपर्यंत मागची दुसरी बाटली उडाली, मग तिसरी. एक बाटली आडवी होऊन खाली पडली आणि फुटली. पोरं टाळ्या पिटायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "बाँब घेवन इलंस काय गो?" आणि अख्खं सभागृह हसलं. पाहुणेसुद्धा रुमालाने शर्ट पुसत हसले.

पद्मावती काचा गोळा करायला खाली वाकली आणि टेबलाखालीच बसून राहिली. काचा कधीच गोळा झाल्या होत्या. वर सुशीला एकटी सगळ्यांची माफी मागत होती. तिचा आवाज पद्मावतीला ऐकू येत होता, पण तिला उठवेना.

गटातल्या बायका तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. गाव मात्र तिला 'बाँबकाकी' म्हणू लागलं. त्यात राग नव्हता, थट्टाच होती. पण एसटीच्या थांब्यावरच्या दुकानात बसलेल्या माणसांनी ती हाक मारली, की तिच्या कानांच्या पाळ्या तापायच्या. मग तिने तो रस्ताच सोडला. पोफळींच्या बागेमागून एक चिखलाची पायवाट होती. दळण असो, देऊळ असो, ती त्या वाटेने जायची. गटाच्या बैठकीला जायचं तिने बंद केलं. गट पापड करू लागला.

घरापुरतं सरबत ती दर वर्षी करायची. साखर सालींच्या दुप्पट, एक चमचाही कमी नाही. बाटल्या दिवसभर उन्हात सुकवलेल्या. तरी आंबलं तर नाही ना म्हणून रोज संध्याकाळी बुचं काढून वास घ्यायची. भिकाजी म्हणायचा, "अगो, चांगला झालासा. भियातंस कित्याक?" ती बूच परत घट्ट बसवायची.

एकदा तारकर्लीचा एक हॉटेलवाला विचारत विचारत घरी आला. कुणाकडे तरी त्याने तिचं सरबत प्यायलं होतं आणि त्याला पर्यटकांसाठी दर मोसमात हवं होतं. पद्मावतीने त्याला खिडकीतून पाहिलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "सांगा, घरात नाय म्हणान." उभ्या जन्मात खोटं न बोललेला मास्तर ओटीवर जाऊन तसं सांगून आला. जेवताना त्याने मान वर केली नाही. तिनेही नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी ओवी गणितात हुशार होती. २००८ साली तिने बारावीबरोबर इंजिनिअरिंगच्या सीईटीचा अर्ज भरला. परीक्षेच्या दिवशी ती सकाळच्या एसटीने ओरोसला गेली, संध्याकाळी परत आली आणि पेपर बरा गेला म्हणाली. निकाल लागला तेव्हा मात्र कॉलेजचे सर भिकाजीला बाजारात भेटले आणि म्हणाले, "ओवी परीक्षेला गैरहजर होती, असं दिसतंय. आजारी होती का?"

भिकाजीने घरी येऊन तेवढं सांगितलं आणि तो खुर्चीत बसला. पद्मावतीनेच मुलीला विचारलं.

"खंय गेललंस तू?"

"ओरोसाक. केंद्राच्या गेटापर्यंत गेलंय." ओवी भिंतीला टेकून उभी होती. "आत नाय गेलंय. दिवसभर स्टँडार बसलंय."

"पण कित्याक? एवढो अभ्यास केलंस!"

"नापास झालंय असतंय तर?" ओवीचा आवाज चढला. "सगळे विचारीत होते ना, काय गो, इंजिनेर होतलंस काय? मगे हसले असते. माका पण तुझ्यासारख्या मागच्या वाटेन जावचा लागला असता, आये."

पद्मावतीला मुलीच्या तोंडाकडे बघवेना. मालवणच्या त्या सभागृहात वाटली नव्हती एवढी लाज तिला आपल्याच घरात वाटली. तिथे शर्ट खराब झाला होता, तो धुतला की झालं. इथे बारा वर्षांची पोर आईकडे बघत बघत अठराची झाली होती, आणि लपायचं कसं हे आईकडूनच शिकली होती. पद्मावती उठून मागच्या पडवीत गेली. तोंडावर पाणी मारलं तरी चेहरा गारच होईना.

दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावरून, दुकानासमोरून चालत सुशीलाकडे गेली. दुकानातून कुणी हाक मारली की नाही, तिला कळलं नाही. ती खाली बघूनच चालत होती.

"येत्या मोसमात सरबत करूया," तिने सुशीलाला सांगितलं. "गटाक चलात तर."

सुशीलाने बैठक बोलावली.  गटातली नर्मदा म्हणाली, "पद्मा, रागा येव नको. पण परत तसाच झाला तर?"

"झाला तर झाला," पद्मावती म्हणाली. "तेव्हा साखर मी कमी घातलंय. बाटल्यो मी ओल्यो भरलंय. आणि मगे टेबलाखाली जावन बसलंय, सुशीलेक एकटी सोडून. ह्या वेळेक उभी ऱ्हवान."

 सुशीला उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

२००९च्या मेमध्ये सगळ्या जणींनी मिळून सरबत केलं. तरीही काही बाटल्यांना फेस आलाच. पद्मावतीने त्या सगळ्यांच्या देखत परसात ओतल्या. उरलेल्या घेऊन त्या मालवणच्या प्रदर्शनात गेल्या. सभागृह तेच. एका म्हाताऱ्या दुकानदाराने तिला ओळखलं. "तां बाँबवाला सरबत तुमचाच मा?"

कान तापले. टेबलाखालची जागा तिला दिसत होती.

"होय, माझाच," ती म्हणाली. "चाखून बघा."

तो मागे सरकून लांबूनच हसला, पण चाखलं. एक बाटली घेतली. दिवसअखेर निम्म्याहून जास्त बाटल्या न खपता परत आल्या. तारकर्लीच्या हॉटेलवाल्याकडे ती स्वतः गेली. "ह्या वर्सा दुसऱ्यांकडून घेतलंय," तो म्हणाला, "फुडल्या वर्सा बघूया." आपण आत बसून घरात नाही म्हणून सांगायला लावलं होतं, हे तिने त्याला सांगून टाकलं. तो ओशाळून हसला. पुढच्या वर्षी त्याने खरंच सरबत घेतलं, थोडं.

वर्षभर घरी अभ्यास करून ओवीनेही २००९च्याच मेमध्ये सीईटी दिली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मायलेकी मालवणला जायला थांब्यावर उभ्या होत्या. दुकानातल्या बाकावरून प्रश्न आलाच, "काय गो ओवी, काय झाला?"

ओवीने आईकडे एकदा पाहिलं. "मार्क कमी पडले. इंजिनिअरिंगाक लागाचा नाय."

बाकावर कुणीतरी हसलं. पद्मावतीचा चेहरा पुन्हा तसाच तापला. तिने ओवीचा हात धरला.

"मगे आता काय करतलंस?"

"बीएस्सी. आज अर्ज आणूक जातंय."

एसटी यायला उशीर होता. दोघी उन्हात, सगळ्यांच्या समोर, उभ्या राहिल्या.