पौर्णिमेचा पंच

हिल्डाने दुकानाच्या शटरवर पुन्हा छत्री आपटली. समोरचा रिक्षावाला हसला.

"आंटी, आज पोया! पाया पडलात तरी थेंब मिळायचा नाही."

नाताळच्या आदल्या दिवशी बाटली घ्यायची, ही हिल्डाची कायमची रीत. यंदा पौर्णिमा नेमकी त्याच दिवशी आली होती, आणि पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, साऱ्या लंकेत दारूची दुकाने बंद असतात. तिच्या चर्चच्या कॅलेंडरवर चंद्र नव्हता.

घरी सेसिल, तिचा थोरला भाऊ आणि गावचा जुना मास्तर, खाटेला खिळला होता. "आता मागतील ते द्या," असे डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. सेसिलने नाताळचा पंच मागितला. त्या पेयाला लागते काय, तर लिंबू, साखर, चहाचे पाणी, जायफळ आणि माडीचा अरक. अरक सोडून सगळे घरात होते.

शेजारच्या सोमदासकडे नक्की असणार. माडी काढण्यात त्याचा जन्म गेला होता. पण तो आज विहारात होता. हिल्डा तिथे गेली. तिचा फ्रॉक पाहून पांढऱ्या साड्यांतल्या बायका कुजबुजल्या. बोधीवृक्षाखालून सोमदास उठून आला. तोही पांढऱ्या कपड्यांत होता. हिल्डाला तो बाईसाहेब या अर्थी 'नोना' म्हणे.

"नोना, तुम्ही इथे? मास्तरांचं काही..."

"आहे तसाच आहे. पंच मागतोय."

"बाटली आहे हो घरात. पण आज शील घेतलंय, दारूला शिवायचं नाही. वर्षभर माडीत हात असतात. एवढा एक दिवस—"

"मी मागितली का?"

"नाही."

"मग कशाला सांगतोस?"

त्याला हसू आले. "भांडताय म्हणजे बऱ्या आहात. उद्या उजाडलं की घेऊन येतो. थांबतील ना मास्तर?"

"न थांबून जातोय कुठे?" हिल्डा म्हणाली आणि भराभर चालू लागली.

घरी आल्यावर तिने चहा नेहमीपेक्षा कडक केला. लिंबू जास्त पिळले, वर जायफळ किसले. वडिलांचे पंचाचे काचेचे भांडे काढले, त्यात सगळे ओतले आणि खाटेशी नेले. सेसिलला उशीला टेकवून बसवले आणि पळीने पेला भरून दिला.

त्याने घोट घेतला. तो बराच वेळ तोंडात धरला. मग गिळला.

"हिल्डी, आज पोया आहे का गं?"

पळी भांड्यातच थांबली.

"हो. सकाळी सोमदास बाटली आणणार आहे. मग नीट करून देते."

"उद्याचं उद्या." त्याने पेला पुढे केला. "बाबांनी असला पंच खिडकीतून फेकला असता. ओत अजून."

तिने पेला काठोकाठ भरला. त्याची बोटे त्याभोवती घट्ट बसेपर्यंत तिने आपला हात काढला नाही.