दादाने कमिट केलं

आमच्या दादाकडून कुठलीही गोष्ट पक्की होत नाही. नवा शर्ट आणला तर महिनाभर त्याचं लेबल काढत नाही, न जाणो परत करावा लागला तर! वहिनी म्हणते, लग्नाला हो म्हणाला तेव्हा बहुतेक याच्या अंगात ताप असावा.

असा माणूस डोळ्यांच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या वेळा लावतो आणि त्याच हॉस्पिटलचा सर्व्हर मी सांभाळते. दादा तिथे जुना. मी नवी, नोकरी अजून कच्ची.

तर हा सर्व्हर रोज सकाळी मान टाकायला लागला. नोंदणीच्या खिडकीत पेशंटला वेळ द्यायला गेलं की स्क्रीनवरचं चक्र नुसतं फिरत राही. दोन दिवस मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि वेळ मारून नेली. दादा मात्र करवादला, "तुझ्या सर्व्हरने माझं सकाळचं सगळं काम खाल्लं!" तिसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी बोलावून घेतलं. हॉस्पिटल त्यांचंच. म्हणाल्या, "दुपारपर्यंत कारण शोधा. नाहीतर हे काम बाहेरच्या कंपनीला देते." ही नोकरी मला मनापासून आवडत होती.

या वेळी मी बंद-चालूचा खेळ केला नाही, आत डोकावले. मेमरी मोकळी, डिस्क निवांत, मशीन ठणठणीत. पण नोंदणीची सगळी कनेक्शनं एकामागे एक ताटकळत उभी, आणि सगळ्यांच्या पुढे एक कनेक्शन काहीही न करता आरामात बसलेलं. त्याने सकाळी वेळापत्रकातल्या बदलाचं 'ट्रान्झॅक्शन' सुरू केलं होतं आणि 'कमिट', म्हणजे 'हे पक्कं', असं सांगितलंच नव्हतं. तोवर सर्व्हर त्या नोंदींना दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. कनेक्शन कोणाचं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

दादा त्याच्या खोलीत चहात बिस्किट बुडवत होता.

"दादा, सकाळचं ट्रान्झॅक्शन कमिट का नाही केलंस?"

"मुद्दामच," तो ऐटीत म्हणाला. "एकदा कमिट केलं की मागे घेता येत नाही. उघडं ठेवलं की दुपारी सर्जनचं मन फिरलं तरी एका शब्दात रद्द! आहे की नाही डोकं?"

"अरे, तुझ्या डोक्यापायी अख्खी नोंदणी खोळंबलीये!"

"माझ्या स्क्रीनवर तर सगळं झकास दिसतंय."

"एक तर कमिट कर, नाहीतर रद्द कर. माझी नोकरी जाईल रे!"

"करतो ना. सर्जनचा फोन तेवढा येऊ दे." बोट कीबोर्डकडे गेलं आणि परत बिस्किटाकडे आलं.

तेवढ्यात मॅडमच दारात. "सापडलं?"

"हो मॅडम. एक ट्रान्झॅक्शन उघडं राहिलं होतं."

"कोणाचं?"

नाव घ्यावं तर दादाची इतक्या वर्षांची अब्रू जाणार, न घ्यावं तर मी घरी बसणार.

"म्हणजे माहीत नाही," मॅडम म्हणाल्या आणि वळल्या. मागे कीबोर्ड वाजला.

"माझं," दादा उभा राहून म्हणाला. "तिन्ही दिवस माझंच होतं. हिने शोधून काढलं. आत्ता कमिट केलंय."

सर्जनचा फोन आलेला नव्हता.

मॅडमनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. थेट सर्व्हरवर बदल करायची त्याची परवानगी तिथल्या तिथे काढून घेतली. मग माझ्याकडे वळल्या. "पुन्हा असं झालं तर?"

"बदल उघडा ठेवून कोणी नुसतं बसलं, की कनेक्शन आपोआप तुटेल अशी सोय करते."

"करा. बाहेरच्या कंपनीचं राहू दे मग."

त्या गेल्यावर दादा धपकन खुर्चीत बसला. चेहरा पांढराफटक.

"आता ते मागे नाही ना घेता येणार?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. मग उरलेलं बिस्किट उचलत, "हे घरी सांगायचं की नाही, ते मला नीट ठरवू दे हं."

त्याचं ठरेपर्यंत मी म्हातारी झाले असते. तिथूनच आईला फोन लावला. "आई, तुझ्या लेकाने आज माझी नोकरी वाचवली," एवढं म्हटलं आणि मला रडूच फुटलं.