ब आणि म

माझी चार वर्षांची लेक हिरी मला मामा म्हणायची. तिचा टाळू जन्मापासून दुभंगलेला. ब म्हणायला गेली की हवा नाकातून निसटायची आणि म व्हायचा. आमच्या सूर्यमाळची माणसं थट्टेखोर. पाड्यावर कुणीही विचारायचं, "काय मामा, भाची बरी हाय ना?" मी हसायचो, पण आतून जळायचो.

उन्हाळ्यात टाळू शिवला. मग दर बुधवारी जव्हारला, बोलायला शिकवणाऱ्या प्राजक्ता मॅडमकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी कागदावर लिहून दिलं, 'स्पर्श व्यंजनांचा सराव, रोज.' मी सातवी शिकलेला. स्पर्श म्हणजे हात लावणं, हे मला कळतं. आठवडाभर पोरीच्या गालाला हात लावून बसलो. ऐकून मॅडम पोट धरून हसल्या. "अहो रूपेशभाऊ, हात नाही, ओठ! क, त, प, सगळ्यांत जीभ नाहीतर ओठ कुठेतरी टेकतात, म्हणून स्पर्श. ओठ टेकले, हवा अडली, सुटली, की ब. म मध्येही टेकतात, पण हवा नाकातून जाते."

घरी येऊन मी हिरीचं नाक चिमटीत धरलं. "म्हण."

"बाबा!"

मी नाचलोच. पुढच्या बुधवारी मॅडम मात्र चिडल्या. "नाक बंद असलं की कुणाचाही म ब वाटतो. तसला ब मोजायचा नाही."

दिवाळी झाली. मी आणि बायको सुकरी भिवंडीकडे वीटभट्टीवर निघणार होतो. हिरीचे बुधवार चुकू नयेत म्हणून तिला जव्हारला सुकरीच्या भावाकडे ठेवायचं ठरलं. काळ्या, तिचा खरा मामा. पावसाळ्यापर्यंत पोर मला विसरली तर? दिवसातून वीसदा बाबा म्हणायला लावायचो. निघायचं ते मामा, मामा. शेवटी सुकरी ओरडली, "सोड तिला! जीव घेशील पोरीचा!"

निघायच्या सकाळी हिरी काळ्याच्या कडेवर, रडून रडून नाक गच्च झालेलं. टेम्पो हलला तशी ती किंचाळली, "बाबा!"

"ऐकलंस?" सुकरीनं माझा दंड धरला. "बाबा म्हणाली!"

ऐकलं होतं. पण तो ओठांचा ब होता, की चोंदलेल्या नाकाचा? मी टेम्पो थांबवला आणि उडी टाकली. नाक पुसायचं आणि पुन्हा म्हणायला लावायचं, एवढंच डोक्यात. रुमाल हातात होता.

तिला कडेवर घेतलं. डोळे पुसले तिचे. नाक तसंच राहू दिलं.